मुलांना लेणी दाखवा, पण वाचावयास शिकवून

(बोरिवली येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी आपल्या मुलांविषयी बोलणार आहे. शाळेत जाणाऱ्या, सातआठ वर्षांपासून पंधरासोळा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना सुट्टीच्या दिवशी कोठे न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. कोणी म्हणेल, चौपाटीवर न्यावे, कोणी म्हणेल, बागेत न्यावे. मुलांना करमणूक हवीच, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या कुटुंबाने धम्माची दीक्षा घेतली, मग ती १९५६ साली आजोबांनी घेतलेली असो की गेल्या वर्षी तुम्ही स्वतः घेतलेली असो, त्या कुटुंबातील मुलाला एक प्रश्न आज ना उद्या विचारला जातोच. वर्गात विचारला जातो, खेळाच्या मैदानावर विचारला जातो. ‘तुमचा हा धर्म कालचाच ना?’ हा तो प्रश्न. त्या वेळी मुलाच्या पदरी काय असते? घरात ऐकलेल्या चार गोष्टी, भिंतीवरील दोन तसबिरी आणि अंगात आलेला संताप. संतापाने वाद थांबतो, उत्तर मात्र मिळत नाही. उत्तर देण्यासाठी मुलाने काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते, आणि पाहिलेल्याचा अर्थ त्याला लावता यावा लागतो. ही सोय आपल्या उपनगरांत, आपल्या घरांपासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिचा उपयोग आपण करीत नाही, म्हणून मला बोलावे लागत आहे.

यात्रा दोन प्रकारची

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच सुमारास सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा मिळाला. हे सोपारे आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर आहे, आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक आज तेथे राहतात.

त्या आठव्या लेखात काय सांगितले आहे ते ऐका. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौज करीत हिंडत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि तेव्हापासून मौजेच्या यात्रेऐवजी धम्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यावी, वृद्धांना भेटावे, दान करावे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माची चर्चा करावी, त्यांचे प्रश्न ऐकावे. यापासून आपल्याला जास्त सुख होते, असे तो राजा सांगतो. सहल आणि धम्मयात्रा यांतील भेद आपल्या दारातील दगडावर बावीसशे वर्षांपूर्वी असा कोरून ठेवला गेला. भेद चालण्यात नाही, कारण पाय दोन्हीकडे सारखेच दुखतात. भेद इतकाच की एका ठिकाणी मनुष्य नुसता हिंडतो आणि दुसऱ्या ठिकाणी विचारतो व ऐकतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी हे आपल्या मुलांसाठी सर्वांत मोठे खुले संग्रहालय आहे. काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू जिथून आली त्या जागेपासून तुटलेली असते. कान्हेरीत पाणी, पायवाट, निजण्याचा ओटा, चैत्य आणि लेख ही सारी आपापल्या जागी आहेत. मुलुंडच्या घरातून जो डोंगर दिसतो आणि बोरिवलीच्या पुलावरून जो डोंगर दिसतो, त्याच डोंगररांगेच्या पोटात शंभरांहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे तेथे खोदकाम सुरू झाले आणि सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खुसंघ नांदला. ‘हा धर्म कालचाच ना?’ या प्रश्नाचे उत्तर ते एवढे मोठे आहे. मात्र ते उत्तर आपोआप ऐकू येत नाही.

पाहण्याचा अधिकार

येथे मला १९३४ सालची एक हकीकत सांगितली पाहिजे. ती खुद्द बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत लिहून ठेवली आहे. त्या वर्षी ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. प्रवासाने सर्वांचे चेहरे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. काही जणांनी त्या पाण्याने तोंड धुतले. एवढ्यावरून जमाव धावून आला, अस्पृश्यांनी पाणी बाटविले म्हणून शिवीगाळ झाली, प्रसंग हातघाईवर आला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही. आणि ती अट मोडली जाऊ नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, कायद्याचा पंडित असलेला मनुष्य आपल्या देशाचा इतिहास पाहावयास जातो आणि त्याच्या मागे हौदाची राखण करणारा शिपाई चालतो! आज आपण तिकीट काढून कोणत्याही किल्ल्यात, कोणत्याही लेण्यात, कोणत्याही संग्रहालयात ताठ मानेने जातो. हा अधिकार आपल्याला कोणी सहज म्हणून दिलेला नाही. संविधानाच्या १५व्या आणि १७व्या अनुच्छेदांत तो लिहिला गेला, त्यापूर्वी १९२७ साली महाडच्या तळ्यावर त्यासाठी डोकी फुटली. जो अधिकार इतक्या कष्टाने मिळाला तो वापरला नाही तर तो कागदावर राहतो. म्हणून मी म्हणतो, मुलांना न्या. आणि दौलताबादची ही हकीकत कान्हेरीला जाताना वाटेतच सांगा, कारण कान्हेरीत त्यांना प्रथम जे दाखवावयाचे आहे ते पाणीच आहे.

पाणी, वाट आणि नावे

कान्हेरीला गेलेला माणूस बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याकडे धाव घेतो, तेथील उंच बुद्धमूर्तींशेजारी उभा राहून छायाचित्र काढतो आणि परततो. तुम्ही तसे करू नका. प्रथम मुलांना लेण्यांच्या अंगणातील पाण्याची टाकी दाखवा. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या बाजूला खडकात खोदलेले टाके आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून वळवून या टाक्यांत आणलेले आहे. मुलाच्या बोटाला धरून एका पन्हळीचा माग काढावयास लावा. पाणी कोठून निघाले, कोठे वळले, कोठे साठले, हे त्याने शोधावे. पावसाळ्यात गेलात तर पाणी धावताना दिसेल, माघ-फाल्गुनात गेलात तर कित्येक टाक्यांत पाणी अजून शिल्लक असलेले दिसेल. ज्या उपनगरांत आपल्या वस्त्यांना एका हंड्यासाठी पहाटे उठावे लागले, तेथील मुलांना हा धडा पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

मग टाक्याजवळचा लेख दाखवा. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या एका सोनाराने येथे पाण्याचे टाके दान दिले, असा लेख आहे. त्यात टाक्यासाठी शब्द आहे ‘पानियपोढी’. मुलाला विचारा, यातला कोणता शब्द ओळखीचा वाटतो? पाणी! सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या दगडात आपल्या मोरीतले पाणी आहे. गुहेसाठी तेथे ‘लेण’ हा शब्द आहे, तोच आपला ‘लेणे’. लेखांची भाषा पंडितांची संस्कृत नसून लोकांची प्राकृत आहे, हे व्याकरणाचे नाव न घेता मुलाच्या ध्यानात येते.

याच कान्हेरीत कल्याणच्याच नंद नावाच्या एका लोहाराने पायवाट दान दिल्याचा लेख आहे. लोहाराला लेखात ‘कमार’ म्हटले आहे. राजाने काय दिले, मंत्र्याने काय दिले, हे इतिहासाच्या पुस्तकात येतेच, आणि कान्हेरीतही राजघराण्याशी संबंधित लेख आहेत. परंतु लोहाराने वाट दिली आणि त्याचे नाव त्याच्या व्यवसायासह, कसलीही लाज न बाळगता, दगडावर कोरले गेले. व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षुणी आहेत. सोपारा, कल्याण, चेऊल, नाशिक येथून आलेली माणसे आहेत.

मोठ्या चैत्याच्या लेखाकडे आता वळा. हा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविला. चौतीस खांबांचा हा भव्य मंडप पाहून मुले थक्क होतील. त्यांना थक्क होऊ द्या, पण नंतर विचारा, ‘हा कोणी बांधला?’ ती म्हणतील, व्यापाऱ्यांनी. मग सांगा, लेख तेथे थांबत नाही. कामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंचा त्यात उल्लेख आहे, पाथरवटांचा उल्लेख आहे, आणि घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या कारागिराचाही आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी या शहराच्या गिरण्या चालविल्या, गोद्या चालविल्या, रस्ते खोदले आणि इमारती उभ्या केल्या, त्यांच्या मुलांनी ही ओळ जरूर ऐकावी. किती इमारतींच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव असते?

आणखी एक लेख सांगतो. इसवी सन ८४३ मध्ये, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळी, येथील संघाला दान दिले गेले. त्या दानातून विहाराची डागडुजी व्हावी, भिक्खूंना चीवरे मिळावीत आणि ग्रंथांसाठीही खर्च व्हावा, अशी वाटणी करून दिलेली आहे. ज्या डोंगरात पाणी साठवावे लागत होते, त्या डोंगरात पुस्तकांसाठी स्वतंत्र पैसा बाजूला काढला जात होता. आपण दर महिन्याच्या खर्चात पुस्तकांसाठी काय बाजूला काढतो, हा प्रश्न मी मुलांना विचारणार नाही, तुम्हाला विचारतो.

दोन अक्षरे, चार अक्षरे

कोणी म्हणेल, आम्हाला ब्राह्मी लिपी येत नाही, मुलांना काय दाखवावे? ती लिपी एके काळी कोणालाच येत नव्हती. कित्येक शतके लोक या लेखांसमोरून जात आणि हे भुतांचे, देवांचे किंवा पांडवांचे लिहिणे आहे असे म्हणत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती वाचली. सांचीच्या स्तूपावरील पुष्कळ लेख एकाच शब्दाने संपतात हे त्याच्या लक्षात आले. लोकांनी स्तूपाला दिलेल्या वस्तूंवर शेवटी कोणता शब्द असणार? ‘दानं’. त्या दोन अक्षरांच्या किल्लीने पुढची कुलुपे उघडत गेली. मुलांना ही हकीकत सांगा. कोडे सोडविल्याचा आनंद त्यांना होईल आणि मोठ्या शोधाची सुरुवात बारीक निरीक्षणाने होते हेही त्यांना कळेल.

कान्हेरीत ‘दानं’ याच अर्थाचा शब्द वारंवार येतो तो ‘देयधम’, म्हणजे धर्मार्थ दिलेली देणगी. दे, य, ध, म ही चार अक्षरे घरून पाठ करून न्या. ब्राह्मीतला ध धनुष्यासारखा दिसतो, आणि ध म्हणजे धनुष्य ही खूण मूल विसरत नाही. म खाली गोल असून वर दोन शिंगे असतात. य ला वर काढलेले तीन दाते असतात. एवढ्या तयारीने दहा वर्षांची मुलगी भिंतीवर हा शब्द शोधून काढते, आणि तो शब्द तिला एकदा सापडला की त्या दिवसापासून लेणी तिच्याशी बोलू लागतात. लिपी वाचणाऱ्या बाईही आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेल्या, हे तिला सांगा. पुण्याच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीचे लेख एकत्र करून १९९१ साली त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. डोंगरातील एका लांब कपारीत ओळीने असलेले लहान लहान स्तूप हे येथे निर्वाण पावलेल्या थेरांची स्मारके आहेत, हेही तेथील लेखांवरून त्यांनी दाखवून दिले.

खोटा अभिमान नको

आता मी जे सांगणार आहे ते काहींना कडू लागेल. आपल्या मुलांना इतरांनी सांगितलेल्या दंतकथांपासून सोडवावयाचे आणि आपल्या नव्या दंतकथांत अडकवावयाचे, हा उद्योग आपण करता कामा नये.

लोहाराने वाट दिली, हे सत्य आहे. त्या लोहाराला गावात कोणती वागणूक मिळत होती, हे तो लेख सांगत नाही, म्हणून ते आपणही सांगू नये. तो आपला पूर्वजच होता असेही म्हणू नये. अंधेरीची कोंडिविटे लेणी, ज्यांना आज महाकाली लेणी म्हणतात, ती बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यात स्तूपाभोवती जाळीच्या खिडक्यांची गोल भिंत आहे, ती जरूर पाहण्यासारखी आहे. परंतु तेथे विहार दान देणाऱ्या एका दात्याने आपण ब्राह्मण असल्याचे लिहून ठेवले आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. बोरिवलीजवळ मागाठाणे येथे बौद्ध लेणी आहेत, आणि कान्हेरीच्या एका लेखात त्या गावच्या शेताचे दान नोंदलेले आहे. परंतु जोगेश्वरीचे लेणे शैव आहे आणि बोरिवलीचे मंडपेश्वरही शैव आहे. सोळाव्या शतकात मंडपेश्वरात पोर्तुगीज पाद्र्यांनी चर्च केले आणि कान्हेरीच्या चैत्यातही त्यांनी काही काळ आपली प्रार्थना केली. कान्हेरीच्याच नव्वदाव्या लेण्यात इराणी परंपरेच्या माणसांनी १००९ आणि १०२१ साली पहलवी भाषेत आपली नावे कोरून ठेवली आहेत. ‘प्रत्येक जुना दगड आमचाच’ असे शिकलेला मुलगा यांतील एका लेखासमोर तोंडघशी पडेल, आणि मग त्याचा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

या बाबतीत बाबासाहेबांचेच उदाहरण पुढे ठेवा. १९४८ साली त्यांनी अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध असावेत असा सिद्धांत मांडला. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी स्पष्ट केले की जेथे इतिहासाचे दुवे तुटलेले आहेत तेथे संशोधकाला तर्काने आणि कल्पनाशक्तीने ते जोडावे लागतात, आणि ते जोडणे कितपत ग्राह्य आहे हे टीकाकारांनी तपासावे. एवढा मोठा विद्वान आपल्या सिद्धांताला सिद्धांत म्हणतो, अनुयायांनी मात्र त्याला डोळे मिटून मंत्र करावा काय? भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश तुम्ही विहारात ऐकलेला आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. तो उपदेश लेण्यांनाही लागू आहे आणि मी आज येथे केलेल्या भाषणालाही लागू आहे.

म्हणून मुलाला तीन प्रश्न शिकवा. हे कोणी केले? कोणासाठी केले? आणि हे आपल्याला कशावरून कळले? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जो मुलगा ‘कशावरून?’ असे विचारतो त्याला वर्गात कोणी खोटे सांगून गप्प बसवू शकत नाही, आणि घरातही त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. ही दुसरी अडचण आपण आनंदाने सोसली पाहिजे.

जाताना पाळावयाचे नियम

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात. उद्यानाच्या दारापासून लेणी सहासात किलोमीटर आत आहेत, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर वाहनाची चौकशी आधी करावी. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे लागते. पुरातत्त्व खात्याच्या स्थळी पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. माकडे खाऊ हिसकावतात, म्हणून खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवावा. प्रत्येक मुलाजवळ वही आणि शिसपेन्सिल असावी. एका दिवसात सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. चार टाकी, दोन लेख, एक चैत्य आणि एक विहार एवढे नीट पाहिले तरी पुष्कळ झाले.

लेण्यात मेणबत्त्या व अगरबत्त्या लावू नका, मूर्तींना हार घालू नका, गंध-रंग लावू नका. हे आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध बोलणे आहे असे समजू नका. धुराने आणि तेलाने दगड काळा पडतो, अक्षरे बुजतात, आणि बुजलेले अक्षर कोणत्याही पूजेने परत येत नाही. ज्याने पाणी दिले त्याचे नाव आपल्या मेणबत्तीच्या काजळीखाली झाकावे, ही कसली वंदना? शांतपणे त्रिशरण म्हणा आणि लेख वाचा. भिंतीवर नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, ‘मग सोनाराने नाव कोरले ते कसे चालले?’ त्याला सांगा, सोनाराने आधी टाके दिले आणि मग नाव कोरले.

कान्हेरी पाहून झाल्यावर पुढच्या महिन्यात मुलांना शहरात न्या. फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने खुले झाले. सोपारा परिसरात मिळालेला अशोकलेखाचा तुकडा आणि सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपात एकात एक ठेवलेले करंडक व ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती निघाल्या, त्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीने जपलेल्या आहेत. कान्हेरी आधी आणि संग्रहालय नंतर, हा क्रम ठेवा. आधी जागा पाहिलेली असली म्हणजे कपाटातील वस्तू मुलाला परकी वाटत नाही.

घरातले संग्रहालय

शेवटचे काम घरी करावयाचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत निकडीचे आहे.

कान्हेरीच्या लोहाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. घाटकोपरच्या टेकडीवर पहिली झोपडी घालणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? मुलुंडच्या कारखान्यांत तीस वर्षे पाळी करणाऱ्याचे, विक्रोळी-भांडुपच्या वस्तीत नळ यावा म्हणून अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या बाईचे, दुष्काळात मराठवाड्याचे गाव सोडून अंधेरीच्या फुटपाथवर पहिली रात्र काढणाऱ्या आजोबांचे? ती माणसे आपल्या घरांतच आहेत, काही अजून हयात आहेत. परंतु त्यांच्यासाठी लेख नाही. दहा वर्षांनी विचारावयास गेलो तर विचारण्यास कोणी उरणार नाही.

म्हणून प्रत्येक घराने एक पत्र्याची पेटी ठेवावी. त्यात आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र, जुनी शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र असेल तर ते, विहाराच्या वर्गणीची पावती, वस्तीच्या अर्जाची प्रत ठेवावी. आजीचे जाते पेटीत मावणार नाही, ते कोपऱ्यात ठेवा, पण ते कोणत्या गावाहून कसे आले हे कागदावर लिहून पेटीत ठेवा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असावी आणि चिठ्ठीवर तेच तीन प्रश्न असावेत. कोणाचे, कशासाठी, कशावरून. ज्या गोष्टीची खात्री नाही तेथे ‘ऐकीव’ असे लिहावे. चिठ्ठी मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी. आजीजवळ वही घेऊन बसावे आणि अशोकाच्या धम्मयात्रेत सांगितल्याप्रमाणे वृद्धांना भेटावे, विचारावे, ऐकावे. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी, विहारात चटईवर या पेट्या उघडून मांडाव्यात आणि मुलांनीच त्या सर्वांना समजावून सांगाव्यात. त्यासाठी इमारत नको, अनुदान नको, कोणाची परवानगीही नको.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारी आपल्यापैकी जी कुटुंबे कान्हेरीला जाऊ शकतील त्यांनी जावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ मुलांना वही घेऊन बसवावे. पुढच्या सभेला मुलांनी त्या वह्या आणाव्यात. आज मी बोललो, त्या दिवशी मुलांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी माझी सूचना आहे, आणि ती या सभेने मान्य करावी.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.